अंदमानला सहकुटुंब जाताय? पैसे आणि खरेदीच्या या गोष्टी घरूनच ठरवून निघा

आमच्या गावाचं नाव समुद्रपूर, पण चारी दिशांना शेकडो किलोमीटर समुद्र नाही. आहे ती कपाशी, सोयाबीन आणि जामच्या चौरस्त्यावरून नागपूर-हैदराबाद रस्त्याने रात्रंदिवस जाणारे ट्रक. तरी हल्ली तालुक्यातली चार घरं एकत्र बसली की कुणीतरी अंदमानचा विषय काढतोच. पासपोर्ट लागत नाही, व्हिसा नाही, रुपया आपलाच. लेकरांनी समुद्र पाहिलेला नाही आणि अब्बू-अम्मींनाही एकदा विमानात बसवायचं असतं. मागच्या काही महिन्यांत कितीतरी वाचकांनी आम्हाला एकच गोष्ट विचारली: खर्च किती येतो आणि तिकडून आणायचं काय?

एकूण खर्चाचा आकडा आम्ही देणार नाही. विमानाचं भाडं आज एक असतं आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या दुप्पट होतं. मात्र पैसे कुठे वाचतात, कुठे वाया जातात आणि कोणती खरेदी थेट गुन्ह्यापर्यंत नेते, हे सांगता येतं. आम्ही स्वतः सात जण, त्यात दोन लहान लेकरं आणि एक वयस्कर खाला, डिसेंबरात जाऊन आलो. काही चुका करूनच आलो. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हा लेख.

आधी नावांचा घोळ

बुकिंग करताना एकाच जागेची दोन नावं दिसतात आणि माणूस गोंधळतो. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉक बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं, नील बेटाचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर, हॉटेलांच्या पाट्यांवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून जुनीच नावं चालतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एजंटने 'हॅवलॉक आणि स्वराज द्वीप' अशी दोन ठिकाणं दाखवून पॅकेज विकलं होतं. बेट एकच आहे हे त्यांना तिथे उतरल्यावर समजलं.

पैसे जमवण्याची गोष्ट

आपल्याकडं अशा सफरीसाठी बहुतेक घरं भिशी लावतात. सगळ्यांनी सारखी रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने उचलायची, अशी साधी भिशी असेल तर त्यात व्याजाचा प्रश्न येत नाही. लिलावाची भिशी मात्र वेगळी. तिथे कमी रक्कम घेऊन आधी उचलणारा तोटा सोसतो आणि तो फायदा बाकीच्यांत वाटला जातो. त्यापासून दूर राहिलेलं बरं.

दुसरी टोपी म्हणजे 'आता फिरा, नंतर भरा'. नागपूरच्या एजंटांपासून मोबाइलच्या ॲपपर्यंत सगळे 'नो-कॉस्ट ईएमआय' विकतात. यात व्याज नाही असं सांगतात, पण रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही किंवा प्रोसेसिंग फी म्हणून वेगळे पैसे घेतले जातात. शून्य टक्क्याच्या योजनांत व्याज बहुतेकदा अशा फीच्या आड लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. आमचं मत सरळ आहे. पैसे नसतील तर एक हंगाम थांबा. अंदमान कुठे जात नाही.

विमान, जहाज आणि एजंट

नागपूरहून थेट विमान नसतं, चेन्नई, कोलकाता किंवा हैदराबादला बदलावं लागतं. सगळ्यात मोठा खर्च हाच. दिल्ली-चेन्नईची मुख्य रेल्वेलाइन आपल्या हिंगणघाटवरूनच जाते. त्यामुळे चेन्नईपर्यंत रेल्वेने जाऊन पुढचं विमान घेणं अनेक घरांना स्वस्त पडतं. पण रेल्वे उशिरा येते आणि विमान थांबत नाही, म्हणून मध्ये एक रात्र चेन्नईत ठेवाच. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी जहाजंही सुटतात. भाडं कमी, पण साधारण तीन दिवस पाण्यावर आणि तारखा मोजक्या. वयस्कर माणसं सोबत असतील तर आम्ही हा मार्ग सुचवणार नाही.

एजंटाकडून पॅकेज घेणार असाल तर पूर्ण रक्कम आधी देऊ नका. विमानाचा पीएनआर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. हॉटेलला स्वतः फोन करून तुमच्या नावाने खोली आहे का विचारा. फोटो दाखवून क्यूआर कोडवर पैसे मागणारी बनावट हॉटेलं आणि बनावट बोट-तिकिटं यांचा धंदा जोरात आहे. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

हॉटेलच्या बिलात एक गोष्ट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ टक्के होता. जुन्या दराने कोणी बिल दिलं तर नम्रपणे विचारा. बिलात 'सर्व्हिस चार्ज' लावला असेल तर तो कर नसतो, तो देणं तुमच्या मर्जीवर आहे.

खात्यात पैसे होते, हातात नव्हते

आता आमची पहिली चूक. फोनवर सगळं चालतं या भरवशावर आम्ही फार थोडी रोख नेली. श्री विजयपुरममध्ये काहीच अडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईपासून समुद्राखालून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल सुरू झाली. तोवर सगळं उपग्रहावर चालायचं. त्यानंतर तिथलं इंटरनेट बरंच सुधारलं आहे. स्वराज द्वीपवर पहिल्या दिवशी नारळवाल्यालाही आम्ही यूपीआयने पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि दुपारपासून नेटवर्क गेलं. बेटावर एटीएम मोजकीच. पहिल्यात पैसे नव्हते, दुसऱ्यासमोर रांग होती आणि आमचा नंबर येईतो तेही रिकामं झालं. भाड्याच्या स्कूटरवाल्याला रोख हवी होती. लेकराला ताप भरला होता, औषधाच्या दुकानात कार्डचं यंत्र बंद. सात माणसांकडे मिळून नऊशे रुपये निघाले. लॉजच्या मालकाने जेवण उधार दिलं, अल्लाह त्याचं भलं करो. पण परदेशात नव्हे, आपल्याच देशात, खात्यात पैसे असून औषधासाठी हात पसरायची वेळ आली होती.

म्हणून आता आम्ही सांगतो: विमान, हॉटेल आणि बोटीचे पैसे घरूनच भरून टाका. बेटांवरच्या रोजच्या खर्चाची पूर्ण रोख श्री विजयपुरममध्येच काढून घ्या. पाच-सात माणसांना खाणं, रिक्षा आणि फुटकळ खर्चाला दिवसाचे चार-पाच हजार हातात असावेत, आणि वर दोन दिवसांची जादा रक्कम. जादा यासाठी की समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि एक-दोन रात्री बेटावरच काढाव्या लागतात. मे ते सप्टेंबर पावसाळा असतो, तेव्हा हे जास्त होतं. शहीद द्वीप तर स्वराज द्वीपहूनही लहान, तिथे जाताना एटीएम नाहीच असं समजून जा.

सगळी रोख एकाच पाकिटात ठेवू नका. थोडी घरातल्या बाईकडे, थोडी बॅगेत. पन्नास, शंभराच्या नोटा जास्त घ्या, लहान दुकानात पाचशेची मोड मिळत नाही. समुद्रात उतरताना पैसे आणि फोन किनाऱ्यावर चपलेखाली ठेवणारे आम्ही डोळ्यांनी पाहिले. एक माणूस आलटून पालटून सामानापाशी बसवा. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ठेवा आणि घरच्या एकाचा तरी फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमचा असू द्या.

बोट, रिक्षा आणि पाण्यातले खेळ

बेटांमध्ये सरकारी फेरी आणि खासगी बोटी दोन्ही चालतात. खासगी बोटी वातानुकूलित आणि जलद असतात, पण भाडं सरकारीपेक्षा कितीतरी जास्त. सात माणसं, जाणं-येणं, असा हिशेब केला की फरक मोठा पडतो. सरकारी फेरीची तिकिटं फिनिक्स बे जेट्टीवर मिळतात आणि हंगामात लवकर संपतात. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं, लहान मुलांचं आधारसुद्धा. आम्ही जाताना खासगी आणि येताना सरकारी बोटीने आलो. खरं सांगायचं तर सरकारी बोटीच्या डेकवर उभं राहून लेकरांना जास्त मजा आली.

शहरात रिक्षा मीटरवर चालत नाहीत, बसण्याआधी भाडं ठरवा. सरकारी बसही आहेत आणि अगदी स्वस्त. स्कूटर भाड्याने घेतली तर घेण्याआधी सगळ्या बाजूंनी तिचा व्हिडिओ काढा. जुन्या ओरखड्यांचे पैसे मागण्याची खोड पर्यटनाच्या सगळ्याच गावांत असते.

स्कूबा, जेट-स्की वगैरेंचे भाव किनाऱ्यावर थांबून बोलल्यावर कमी होतात, पण स्वस्ताच्या मागे लागून बिनपरवान्याच्या माणसाकडे जाऊ नका. दमा, बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी स्कूबा करू नये. पैसे भरण्याआधीच हे विचारा, नाहीतर फॉर्म भरताना नकार येतो आणि परताव्यावरून वाद होतो.

बाराटांगला जाताना गाड्या ताफ्याने जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातात. तिथे थांबणं, फोटो काढणं, त्यांना बिस्किटं किंवा पैसे देणं हा गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवास होतो. दयेपोटीही देऊ नका.

खाण्याचा खर्च आणि हलाल

बेटांवर पिकतं थोडं. बाकी सगळं जहाजाने येतं, त्यामुळे दूध पावडर, डायपर, बिस्किटं, भाजी महाग पडते. लेकरांची औषधं, ओआरएस, चिवडा, भाजलेले चणे घरूनच न्या. पाकीटबंद वस्तूवर छापील किमतीपेक्षा जास्त घेणं दुकानदाराला बेकायदा आहे, 'बेट आहे ना भाऊ' हे कारण चालत नाही. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण हॉटेलात बसून पाण्याची बाटली घेतली तर ते जास्त लावू शकतात, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तशी मुभा दिली आहे. म्हणून पाणी दुकानातून घ्या.

हलालची चिंता श्री विजयपुरममध्ये फारशी नाही. २०११ च्या जनगणनेत या द्वीपसमूहातले साडेआठ टक्के लोक मुस्लिम होते. १९२१ च्या मलबारच्या उठावानंतर इंग्रजांनी मोपला कैद्यांना इथे पाठवलं. त्यांची वस्ती बांबू फ्लॅट, विम्बर्लीगंज या भागांत आजही आहे. ॲबरडीन बाजारच्या आसपास मस्जिद आणि मुस्लिम खाणावळी सापडतात. लहान बेटांवर मात्र विचारल्याशिवाय मटण-चिकन घेऊ नका. मासा घेतला की प्रश्नच मिटतो. फक्त मासा, खेकडा, लॉबस्टर किलोवर विकतात, आणि ताटात आल्यावर भाव विचारून उपयोग नाही. ऑर्डर देण्याआधी वजन आणि किलोचा दर दोन्ही विचारा. मोपला शाफई आहेत, खेकड्याबद्दल त्यांचं मत वेगळं असू शकतं. आपल्याकडच्या हनफी घरांत तो खात नाहीत आणि झिंग्याबद्दल मतभेद आहेत. ते ज्याने त्याने आपल्या इमाम साहेबांना विचारावं.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा. घड्याळ भारताचंच, पण अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला. सूर्य आपल्यापेक्षा सुमारे पाऊण-एक तास आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारासच मगरिबची वेळ होते. वर्ध्याची नमाजची वेळापत्रकं तिथे लावू नका. बाजाराला जायचं असेल तर दुपारीच निघा.

काय आणावं

ॲबरडीन बाजार हा मुख्य बाजार. भाव करता येतो, बऱ्याच वस्तू मुख्य भूमीवरूनच आलेल्या असतात. 'अंदमान' लिहिलेला टी-शर्ट तिथे शिवलेला असतोच असं नाही. मिडल पॉइंटला 'सागरिका' हे सरकारी एम्पोरियम आहे. भाव ठरलेले, घासाघीस नाही, पण बिल पक्कं. आमच्या मते पहिली चक्कर इथेच मारा. विकत काही घेतलं नाही तरी खऱ्या वस्तूची किंमत काय असते हे कळतं आणि मग बाजारात कोणी फसवत नाही.

घरच्यांसाठी सगळ्यात चांगली खरेदी म्हणजे मसाले. मिरी, लवंग, दालचिनी, जायफळ तिथे पिकतं. वजनाला हलकं, सगळ्यांना वाटता येतं आणि घरी वापरलं जातं. खोबरेल तेलही चांगलं मिळतं, पण बाटली चेक-इनच्या बॅगेत, पिशवीत घट्ट बांधून. सुकं खोबरं विमानात नेता येत नाही, तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. आमच्या खालांनी हौसेने घेतलेलं खोबरं विमानतळावरच राहिलं.

पडौक हे तिथलं लाल लाकूड. त्याच्या लहान वस्तू सुंदर असतात. मोठी वस्तू घ्यायची असेल तर वनविभागाचा परवाना लागतो का ते दुकानदाराला विचारा आणि पक्कं बिल घ्या. मोत्यांच्या बाबतीत सावध राहा. 'अंदमानचा मोती' म्हणून दाखवलेला मोती तिथल्याच समुद्रातला असेल असं धरू नका. पाचशे-हजाराचा शोभेचा हार घ्या. बेटीच्या निकाहासाठी जपून ठेवायचा दागिना मात्र ओळखीच्या सराफाकडेच करा.

समुद्रातलं समुद्रातच राहू द्या

आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला बाबा फरीदच्या टेकडीवर जाणाऱ्या प्रत्येकाला तिथले गोलसर दगड ठाऊक आहेत. दंतकथा अशी की फकिराची थट्टा करणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांचा नारळासकट सगळा माल दगड झाला. त्यांनी माफी मागितल्यावर सुक्या पानांतून त्यांना नवा माल मिळाला. कितीतरी लोक तिथून एखादा दगड खिशात घालून घरी आणतात. आपल्या लेकरांनाही तीच सवय. अंदमानच्या किनाऱ्यावर हीच सवय महागात पडते.

प्रवाळ, म्हणजे कोरल, जिवंत असो की मेलेलं, पांढरा तुकडा असो की पूर्ण फांदी, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. २००१ मध्ये ते पहिल्या अनुसूचीत टाकलं गेलं, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. कितीतरी जातींचे शंख-शिंपलेही संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांच्या बाबतीत तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. किनाऱ्यावर दोनशे रुपयांत शंख विकणारा पोरगा हे सांगत नाही.

आमच्या खालांनी एका बेटावर हातगाडीवरून असा एक मोठा शंख घेतला होता. बिल नव्हतं. परतीच्या विमानतळावर बॅग यंत्रातून गेली आणि जवानाने बाजूला बोलावलं. शंख निघाला. आणि त्याच बॅगेत, लेकराच्या बुटात, कोरलचे चार तुकडे निघाले जे आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. खाला रडायला लागल्या, विमानाची वेळ होत आली होती. अधिकाऱ्याने वय पाहिलं, लेकरू पाहिलं, वस्तू ठेवून घेतल्या आणि लिहून घेऊन जाऊ दिलं. प्रत्येकाला असा अधिकारी भेटेलच असं नाही.

शिंपल्याची वस्तू हवीच असेल तर परवाना असलेल्या दुकानातून घ्या. बिलावर वस्तूचं नाव लिहून घ्या आणि बिल बॅगेत नाही, हातात ठेवा. किनाऱ्यावरून निघताना लेकरांचे खिसे, बूट, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करून बघा.

एक दिवस बिनखर्चाचा

खरेदीच्या नादात अनेकजण शहर न बघताच परततात. सेल्युलर जेलचं तिकीट किरकोळ आहे. १८९६ ते १९०६ मध्ये बांधलेल्या या तुरुंगाच्या आधीही इथे काळ्या पाण्याची सजा होती. १८५७ नंतर मौलाना फज्ले हक खैराबादी यांना इथे आणलं गेलं, १८६१ मध्ये त्यांचा इथेच इंतकाल झाला आणि त्यांची मजार शहरातच आहे. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अली आफ्रिदीला व्हायपर बेटावर फाशी झाली. रिक्षावाल्याला सांगितलं तर मजारीपर्यंत नेतो, मात्र भाडं आधी ठरवा.

परतीच्या दिवशी सामानाचं वजन हॉटेलातच करून घ्या. बहुतेक स्वस्त तिकिटांत चेक-इनला माणशी १५ किलोच चालतं आणि जादा किलोचा दर विमानतळावर ऐकला की मसाल्याचा सगळा फायदा जातो. सात जणांचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर काउंटरवर सगळ्या बॅगा एकत्र ठेवायला सांगा, एकाची कमी-जास्त दुसऱ्यात भरून निघते.